परीक्षेत न येणारं विज्ञान

गाइड आणि प्रश्नसंचांच्या ढिगाखाली विज्ञान मासिकं पार दबून गेलीत. कुठलीही परीक्षा डोक्यात न ठेवता, निव्वळ मजा म्हणून एखादं विज्ञान मासिक लावायचं असेल, तर साक्रीसारख्या गावात बसून ते निवडायचं कसं? त्याचाच हा मार्गदर्शक.

साक्रीच काय, खान्देशातल्या कुठल्याही तालुक्याच्या बसस्टँडवर पेपरच्या स्टॉलसमोर उभे राहा आणि क्लिपांना लटकवलेल्या अंकांवरून नजर फिरवा. चालू घडामोडींची चार मासिकं, पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी. त्यांच्या खाली राशिभविष्य आणि पाककृती. आता स्टॉलवाल्या काकांना म्हणा, ‘एखादं विज्ञानाचं मासिक द्या ना.’ बहुतेक वेळा हातात पडेल तो सामान्य विज्ञानाचा वस्तुनिष्ठ प्रश्नसंच.

यात काकांचा काही दोष नाही. जे खपतं, तेच ते ठेवतात. आणि खपतं ते परीक्षेचं, कारण आपल्याकडे कोणाच्याही हातात पुस्तक दिसलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘परीक्षामा येस का हाई?’ येत असेल तर वाच, नसेल तर कशाला डोकं लावतो! दहावीपर्यंत विज्ञान मार्कांसाठी, बारावीत नीटसाठी, त्यानंतर जीएसच्या पेपरसाठी. नोकरी लागली की विज्ञान संपलं. क्रिकेट आपण परीक्षा नसताना बघतो, गाणी परीक्षा नसताना ऐकतो. विज्ञानालाच तेवढी ही शिक्षा का?

म्हणून मुद्दा साधा आहे. वर्षभरासाठी एक विज्ञान मासिक निवडा, आणि निवडताना ‘उपयोग काय’ हा प्रश्न बाजूला ठेवा. विचारायचं ते एवढंच : हा अंक वाचून झाल्यावर बाहेर पडलो, तर आपलं गाव जरा वेगळं दिसतं का?

आधी स्वतःला ओळखा

मासिक निवडायच्या आधी आपण कुठल्या प्रकारचे वाचक आहोत, ते बघून घ्या. ढोबळ चार प्रकार पडतात.

पहिला बातमीवाला. चांद्रयान उतरलं, नवी लस आली, कुठे जीवाश्म सापडला, हे त्याला ताजं ताजं हवं असतं. त्याने खरं तर मासिकाच्या फंदात पडू नये. महिन्याचा अंक हातात येईपर्यंत बातमी शिळी होते, त्याला वेबसाइट बरी.

दुसरा ‘असं का’वाला. आकाश निळं का, माठातलं पाणी गार का, मोबाइलची बॅटरी उन्हात लवकर का उतरते. मासिकाचा खरा गिऱ्हाईक हाच.

तिसरा गोष्टवेल्हाळ. त्याला शोधापेक्षा शोध लावणाऱ्या माणसाची गोष्ट आवडते, विज्ञानकथा आवडते.

चौथा करून बघणारा. काठी रोवून सावली मोजणारा, जुन्या सायकलीच्या डायनामोवर दिवा लावणारा. त्याला प्रयोग आणि आकृत्या हव्यात. अशा वाचकासाठी आपल्या गावातलंच एक उदाहरण देते. साक्रीचं अक्षांश साधारण २१ अंश उत्तर. त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात एके दिवशी, दुपारी साडेबाराच्या सुमारास, सूर्य इथे अगदी डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली काही क्षण गायब होते. तो ‘शून्य सावली दिवस’. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तो पुन्हा येतो, पण तेव्हा बहुधा ढग असतात. ही माहिती वाचून तुमची नजर काठी शोधू लागली असेल, तर समजा तुम्ही चौथ्या प्रकारातले.

काय काय मिळू शकतं?

मराठीपासून सुरुवात करू. मराठी विज्ञान परिषदेची स्थापना १९६६ ची. मुंबईच्या या संस्थेची ‘मराठी विज्ञान परिषद पत्रिका’ दरमहा निघते. लेख छोटे, विषय भरपूर, आणि लिहिणारे बरेचदा त्या त्या क्षेत्रात आयुष्य घालवलेले लोक. दिसायला अंक साधा असतो, चकचकीत कागदाची अपेक्षा ठेवू नका. ‘असं का’वाल्यांसाठी हा पहिला पर्याय.

‘सृष्टिज्ञान’ त्याहून जुनं. १९२८ साली सुरू झालेल्या या मासिकामागे प्रा. गो. रा. परांजपे यांच्यासारखे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक होते. इंग्रजांच्या राज्यात, कॉलेजात विज्ञान फक्त इंग्रजीतून शिकवलं जात असताना, ते मराठीत लिहायचं या हट्टातून हे मासिक उभं राहिलं. जुन्या वाचनालयात त्याचे बांधीव खंड सापडले तर जरूर चाळा. रेडिओ ही नवलाई असतानाच्या काळातलं विज्ञान कसं लिहिलं जायचं ते कळेल.

पुण्याहून निघणारं ‘शैक्षणिक संदर्भ’ हे द्वैमासिक शिक्षक आणि मोठ्या मुलांना समोर ठेवून चालतं. डीएड-बीएड करणाऱ्यांना ते खास उपयोगी, पण त्यातले लेख कोणालाही आवडतील असे असतात. पाणी, हवामान, दगड, नद्या यात रस असेल तर अभिजित घोरपडे यांच्या ‘भवताल’चे अंक बघा.

हिंदी आपल्याला परकी नाही. केंद्र सरकारच्या सीएसआयआरचं ‘विज्ञान प्रगति’ हे मासिक १९५२ पासून निघतंय. त्याच घरातलं इंग्रजी मासिक म्हणजे ‘सायन्स रिपोर्टर’, १९६४ पासूनचं. यातलं इंग्रजी कठीण नाही, बारावी झालेल्याला डिक्शनरी हाताशी ठेवून सहज जमेल. आपल्या बाळ फोंडके यांनी हे अंक काढणाऱ्या संस्थेचं संचालकपद सांभाळलं होतं. घरात सहावी-सातवीतला भाऊ किंवा बहीण असेल, तर भोपाळच्या ‘एकलव्य’चं ‘चकमक’ बघा. ते १९८५ पासून निघतं. आणलं लहान भावासाठी आणि वाचतोय मोठा, असं त्याबाबतीत होऊ शकतं.

बीएस्सी करणाऱ्यांसाठी बेंगळुरूच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसचं ‘रेझोनन्स’ आहे. जानेवारी १९९६ पासूनचे अंक अकादमीच्या वेबसाइटवर मोफत वाचता येतात. मात्र हे पलंगावर पडून वाचायचं मासिक नव्हे, यात समीकरणं असतात. चहासोबत वाचायला बसलात तर चहा गार होणार.

आणि परदेशातले मोठे? ‘सायंटिफिक अमेरिकन’ १८४५ पासूनचं, ‘नॅशनल जिओग्राफिक’ १८८८ पासूनचं, लंडनचं साप्ताहिक ‘न्यू सायंटिस्ट’ १९५६ पासूनचं. तिन्ही उत्तम, पण वर्गणी आपल्या खिशाला जड आणि उदाहरणं त्यांच्या गावची. त्यांच्या वेबसाइटवरचे मोफत लेख वाचून आधी गोडी लागते का बघा, पैशांचं नंतर.

अंक पारखायचा कसा?

नाव मोठं म्हणून अंक चांगला असं नसतं. अंक हातात घेतला की काही गोष्टी तपासा. दुकानात कांदा दाबून बघतो तसंच.

पहिली तपासणी : तो सांगतो, की नुसता कौतुक करतो? आपल्या तालुक्यातलंच उदाहरण घेऊ. शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे, २०१३ साली तो सुरू झाला. त्यावर वाईट लेख कसा असेल? ‘सौरऊर्जा ही काळाची गरज आहे. सूर्य हा ऊर्जेचा अक्षय स्रोत आहे...’ दोन पानं संपतात आणि आपल्या पदरात काही पडत नाही.

चांगला लेख एका प्रश्नापासून सुरू होईल : मे महिन्यात ऊन सगळ्यात कडक, मग पॅनेलमधून वीजही सगळ्यात जास्त निघत असेल ना? वाटतं तसं. पण सिलिकॉनच्या पॅनेलला ऊन हवं असतं, उष्णता नको असते. त्याची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते. त्याच्या वर पॅनेल जसजसं तापतं, तसं दर अंशामागे उत्पादन साधारण ०.४ टक्क्याने घटतं. हवा ४२ अंशांवर असताना उन्हातलं पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापू शकतं. म्हणजे २५ च्या वर ४० अंश. चाळीस गुणिले ०.४, झाली १६ टक्के घट. तेवढ्याच प्रकाशात गार पॅनेल १०० वॉट देत असेल, तर हे तापलेलं ८४ वॉटच देईल. आकडा आला, कारण आलं, आणि गुणाकार तुम्ही स्वतः करून पाहिलात. पुढच्या वेळी कोणाच्या गच्चीवर पॅनेल दिसलं की खालून हवा खेळायला जागा ठेवली आहे का, हे तुम्ही आपसूक बघाल. चांगल्या लेखाची खूण हीच.

दुसरी तपासणी : कोण म्हणतं? ‘शास्त्रज्ञांच्या मते’, ‘एका संशोधनानुसार’ एवढ्यावर भागवणारा लेख बाजूला ठेवा. कोणते शास्त्रज्ञ, कुठल्या संस्थेचे, कधी केलेलं काम, हे सांगायला एक ओळ पुरते. ती ओळ नसेल तर त्या लेखात आणि व्हॉट्सअॅपवर आत्याने पाठवलेल्या मेसेजमध्ये फरक काय?

तिसरी तपासणी : ‘अजून माहीत नाही’ हे शब्द अंकात कुठे सापडतात का? सगळ्याच प्रश्नांची ठाम उत्तरं देणारं मासिक विज्ञानाचं नसतं, गाइडचं असतं. वाचकांची पत्रं छापतात का, आणि आधीच्या अंकातली चूक पुढच्या अंकात दुरुस्त करतात का, हेही बघा. चूक कबूल करणारं मासिक जास्त भरवशाचं.

चौथी तपासणी भाषेची. ‘प्रकाशविद्युतचालक अर्धवाहक घटक’ असलं काही समजून न सांगता अंगावर आलं, तर लेखकाला स्वतःलाच ते कळलं नसेल अशी शंका घ्यायला हरकत नाही. उलट सगळंच इंग्रजी देवनागरीत कोंबलेलं असेल तरी उपयोग नाही. ‘सेमीकंडक्टर, म्हणजे धड वाहक नाही आणि धड रोधकही नाही असा पदार्थ’ असं लिहिणारा आपला माणूस.

शेवटची तपासणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. अंकातला असा लेख उघडा, ज्याच्या विषयात तुम्हाला काडीचा रस नाही. समजा मुंग्या. पहिला परिच्छेद वाचा. दुसऱ्यावर आपोआप गेलात, तर त्या मासिकाचा संपादक जागा आहे. आवडीचा विषय तर कसाही लिहिलेला आपण वाचतोच. नावडता वाचायला लावतं ते मासिक वर्षभर टिकतं.

साक्रीपर्यंत आणायचं कसं?

स्टॉलवर मिळणार नाही, हे गृहीत धरा. वर्गणी भरून टपालाने मागवणं हाच रस्ता. पण पैसे पाठवायच्या आधी कार्यालयात एक फोन करा आणि दोनच गोष्टी विचारा : ताजा अंक कुठल्या महिन्याचा निघालाय? आणि अंक पोचला नाही तर पुन्हा पाठवता का? छोट्या मासिकांचे अंक कधी कधी उशिरा निघतात, जोडअंक होतात. आधी माहीत असलं की चिडचिड होत नाही. शक्य असेल तर एक सुटा जुना अंक मागवून बघा, मगच वर्षाचं ठरवा.

पत्ता पूर्ण लिहा. मळ्यात किंवा पाड्यावर राहत असाल, तर पोस्टमनकाकांना भेटून ‘माझं मासिक येणार आहे’ असं सांगून ठेवा. वेडेपणा वाटेल, पण अंक हाती पडण्याची शक्यता वाढते. नाहीतर गावातल्या दुकानाचा किंवा कॉलेजचा पत्ता द्या.

पैशांचं म्हणाल, तर चार-पाच जणांनी मिळून एक वर्गणी काढा. किंवा पाच जणांनी पाच वेगवेगळी मासिकं लावा आणि फिरवा. एकाच्या खर्चात पाच मासिकं! आणखी एक सोपा उपाय आपण विसरतो : कॉलेजचं ग्रंथालय आणि गावातलं सार्वजनिक वाचनालय. तिथे मागणी तोंडी करू नका, लेखी द्या, आणि खाली दहा जणांच्या सह्या घ्या. दहा वाचकांनी लेखी मागितलेलं मासिक नाकारणं ग्रंथपालांना जड जातं.

पैसे अजिबात नसतील तरी अडत नाही. ‘सायन्स रिपोर्टर’ आणि ‘विज्ञान प्रगति’ यांचे जुने अंक सीएसआयआरच्या ऑनलाइन संग्रहात मोफत आहेत. अरविंद गुप्ता यांच्या वेबसाइटवर मराठीसह अनेक भाषांतली विज्ञानाची पुस्तकं आणि टाकाऊतून खेळणी बनवायच्या कृती मोफत मिळतात. ‘रिसर्च मॅटर्स’वर भारतातल्या ताज्या संशोधनाच्या बातम्या मराठीतही येतात. आणि एक लक्षात घ्या, विज्ञान मासिकाचा जुना अंक पेपरासारखा रद्दी होत नाही. पाच वर्षांपूर्वीचा मुंग्यांवरचा लेख आजही तेवढाच चालतो.

मोफत मिळतंय, मग वर्गणी कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. युट्युबवर ढीगभर व्हिडिओ असताना मासिकाला पैसे का द्यायचे?

थोडी पडझड बघू. अमेरिकेचं ‘पॉप्युलर सायन्स’ १८७२ साली सुरू झालं. २०२१ साली त्याचा छापील अंक बंद झाला आणि २०२३ साली डिजिटल मासिकही. दीडशे वर्षांचं मासिक संपलं. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ‘विज्ञान प्रसार’चं ‘ड्रीम २०४७’ हे हिंदी-इंग्रजी मासिक होतं. ती संस्थाच २०२३ साली गुंडाळली गेली. मोठ्या कंपनीचं असो की सरकारचं, मासिक बंद पडायला वेळ लागत नाही. मराठीतली मासिकं तर मोठ्या कंपन्यांची नाहीत आणि सरकारचीही नाहीत. ती थोडे लोक, बरेचदा मानधनाचा विचार न करता, काढतात आणि वर्गणीदारांच्या जिवावर चालतात. म्हणजे साक्रीतून जाणारी एक वर्गणी तिथे खरोखर मोजली जाते.

मराठीत एखादं मासिक असल्याने काय होतं, याची एक गोष्ट ऐका. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा घेतली. ‘नारायण विनायक जगताप’ या कोणी ऐकलं नव्हतं अशा नावाने एक कथा आली, ‘कृष्णविवर’. तिला पहिलं बक्षीस मिळालं. हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णू नारळीकर. तेव्हाही ते जगभर नावाजलेले खगोलशास्त्रज्ञ होते. आपल्या नावामुळे परीक्षक दबू नयेत म्हणून त्यांनी आद्याक्षरं उलटी करून टोपणनाव घेतलं आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगला यांच्याकडून लिहून घेतली. मराठीतले इतके लाडके विज्ञानकथालेखक आपल्याला मिळाले ते एका छोट्या संस्थेच्या स्पर्धेतून. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले. पुढचा ‘जगताप’ कुठून येणार? मराठीत विज्ञान वाचणारे असतील, तरच लिहिणारे येतील.

आणि हे काही पुण्या-मुंबईचं मक्तेदारीचं काम नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली ‘दिग्दर्शन’ हे मराठीतलं पहिलं मासिक काढलं, त्यात पदार्थविज्ञान आणि भूगोल होता. म्हणजे मराठी मासिकाचा जन्मच विज्ञान पोटात घेऊन झाला. आणि आपल्या खान्देशात, चाळीसगावजवळच्या पाटण इथे, १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि त्याला दान मिळालं, त्याची ती नोंद. आठशे वर्षांपूर्वी गणित शिकवायला वर्गणी देणाऱ्या मुलखात आज एका मासिकाला पाच वर्गणीदार मिळू नयेत?

वाचा, आणि उलट लिहा

मासिक लागलं की नुसतं वाचून थांबू नका. संपादकांना पत्र लिहा. न कळलेलं विचारा, आणि आपल्या भागातलं काय हवं ते मागा. मागण्यासारखं आपल्याकडे खूप आहे.

ब्राह्मणवेल, छडवेलच्या पठारावरच्या पवनचक्क्या रोज दिसतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली ताकद दुप्पट नव्हे, आठपट होते, आणि तरीही कुठलीच पवनचक्की वाऱ्यातली ५९.३ टक्क्यांहून जास्त ऊर्जा काढू शकत नाही. असं का? विचारा. आपल्या जिल्ह्यात माळावर काही ठिकाणी काळ्या दगडाची लांबच लांब, सरळ रेषेतली रांग दिसते, कोणी बांध घालावा तशी. तो बांध नाही. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस जमिनीच्या भेगांत घुसून थिजला, आजूबाजूचा खडक झिजून गेला आणि ही भिंत उरली. भूशास्त्रात तिला ‘डाइक’ म्हणतात. नंदुरबार-धुळे पट्ट्यातल्या अशा दोनशेहून अधिक डाइकांचा अभ्यास २००७ साली एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जगभरच्या भूशास्त्रज्ञांनी तो वाचला. आपण मात्र त्या भिंतीला टेकून डबा खातो आणि ती काय आहे, हे आपल्याला कोणी सांगितलेलं नसतं.

तेव्हा एक पोस्टकार्ड घ्या, नाहीतर ई-मेल करा. लिहा की आम्ही साक्रीचे अमुक-तमुक वाचक, आमच्या गावाशेजारी डाइक आहेत, त्यांच्यावर मराठीत, समजेल असा, फोटोंसकट लेख हवा आहे. खाली पाच जणांची नावं टाका. आणि त्याच पाकिटात वर्गणीही पाठवली, तर संपादक ते पत्र नक्की बाजूला काढून ठेवतील.